बागुलबुवा आणि कात्री

१९३८ साली लंडनच्या सेन्सॉर मंडळापुढे एक गमतीदार पेच उभा राहिला. आदल्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' झळकला होता आणि अमेरिकेत त्याने गर्दी खेचली होती. मराठी घरांत 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून सांगितली जाते तीच ही गोष्ट. गाणी होती, हरणं-ससे होते, सतत शिंकणारा एक बुटकाही होता. तरीही ब्रिटिश मंडळाने चित्रपटाला सर्वांसाठीचं 'यू' प्रमाणपत्र दिलं नाही, 'ए'चा शिक्का मारला. म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुलाला सोबत मोठं माणूस असल्याखेरीज आत पाऊल टाकता येणार नव्हतं. मंडळाला खुपली होती ती म्हातारी चेटकीण आणि रात्रीचं ते जंगल.

त्या काळी ब्रिटनमधली मुलं शनिवारी एकेकटी किंवा टोळक्याने सिनेमाला जात. 'ए' चित्रपट लागला की ती थिएटरच्या दारात उभी राहायची, आणि तिकिटाचे पैसे मुठीत धरून येणाऱ्याजाणाऱ्याला गळ घालायची : काका, मला तुमच्याबरोबर आत नेता का? चेटकिणीपासून वाचवायला केलेला नियम मुलांना चक्क परक्या माणसांच्या हवाली करत होता. थिएटरांना परवाने देण्याचा अधिकार तिथे स्थानिक नगरपालिकांकडे असे आणि मंडळाचा निर्णय त्यांना बंधनकारक नसे. अनेक नगरपालिकांनी शिक्का बाजूला सारला आणि आपल्या हद्दीत 'स्नो व्हाइट' सर्वांना खुला केला. एका गावात जी चेटकीण धोकादायक, ती शेजारच्या गावात निरुपद्रवी.

मुलांच्या कार्टूनपटांतल्या भीतीचा इतिहास चाळायला घेतला की मुलं त्यात फारशी भेटतच नाहीत. भेटतात ते सेन्सॉरचे अधिकारी, निर्माते, थिएटरमालक, चिडलेले पालक आणि हातात कात्री घेतलेले स्टुडिओचे साहेब. पोरांची घाबरगुंडी उडेल ही धास्ती या मंडळींना होती, आणि त्या धास्तीनेच कुठला चित्रपट पडद्यावर कसा यायचा हे ठरत गेलं.

मुळात कार्टून ही मुलांची मिरास, हीच समजूत नंतरची. १९२०-३०च्या दशकांत मुख्य चित्रपटाआधी सात-आठ मिनिटांचं कार्टून दाखवायची पद्धत होती आणि ते पाहणारा प्रेक्षक सर्व वयांचा असे. त्यामुळे त्यात भुतंखेतं, स्मशानं, सांगाडे बिनदिक्कत येत. डिस्नेच्या 'सिली सिम्फनी' मालिकेतलं पहिलंच कार्टून, १९२९चं, 'द स्केलेटन डान्स' : मध्यरात्री थडग्यांतून चार सांगाडे उठतात, नाचतात, एक जण दुसऱ्याच्याच हाडांवर झायलोफोन वाजवतो. चित्रं अब आयवर्क्सची, संगीत कार्ल स्टॉलिंगचं. न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंचा हात तर याहून मोकळा. १९३३मध्ये त्यांनीही 'स्नो व्हाइट' काढला होता, त्यात नायिका बेटी बूप, आणि कॅब कॅलोवे या जाझ गायकाच्या चित्रित केलेल्या हालचालींवरून रेखाटलेलं एक लांबटांग्या भूत गुहेतून गात चालत जातं. या भुतांची भीती कमी आणि गंमत जास्त वाटे, कारण सात मिनिटांत कुणाशी जीव जडायला वेळच नसे.

डिस्नेचा पेच इथून सुरू झाला. ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं प्रेक्षकाला खुर्चीत बसवायचं तर त्याला कुणाची तरी काळजी वाटायला हवी, आणि काळजी वाटायची तर धोका खरा वाटायला हवा. १९३५च्या युरोपच्या सफरीतून डिस्नेने तीनशेहून अधिक सचित्र पुस्तकं स्टुडिओत आणली. गुस्ताव डोरे, आर्थर रॅकहॅम यांच्यासारख्या चित्रकारांच्या पुस्तकांतली पिळवटलेली झाडं, कडेकपारी, अंधारे जिने. स्टुडिओत स्वित्झर्लंडचा आल्बर्ट हर्टर आणि स्वीडनचा गुस्ताफ टेंगग्रेन हे चित्रकारही होते. कॅलिफोर्नियाच्या रखरखीत उन्हात बसून ही माणसं जुन्या युरोपातलं जंगल कागदावर उतरवत होती.

ग्रिम बंधूंच्या मूळ कथेच्या मानाने डिस्नेचा चित्रपट मवाळच म्हणायचा. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी सख्खी आई होती, पुढच्या आवृत्तीत ग्रिमांनी तिला सावत्र केलं. कथेच्या शेवटी तिला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात. डिस्नेने ते गाळलं. त्याची चेटकीण वीज कोसळल्यावर कड्यावरून खाली जाते, तिच्यामागोमाग धोंडा गडगडतो आणि दोन गिधाडं सावकाश घिरट्या घालत खाली उतरतात. प्रेत दिसत नाही, दिसतात ती गिधाडं. तळघरातल्या एका प्रसंगात कोठडीच्या गजांतून हात बाहेर काढलेला एक सांगाडा आहे, पाण्याच्या घागरीपर्यंत जेमतेम न पोचलेला. चेटकीण जाता जाता ती घागर त्याच्यावरच लाथेने उडवते आणि हसते. हा कैदी कोण, किती दिवस तहानेने तडफडला, याबद्दल चकार शब्द नाही. चित्रपटातलं सगळ्यात क्रूर दृश्य हेच, आणि ते उरकतं काही सेकंदांत.

चेटकिणीचा आवाज ल्युसील ला व्हर्न या रंगभूमीवरच्या मुरलेल्या नटीचा. राणी आणि चेटकीण या दोन्ही भूमिकांना तिचाच आवाज आहे, आणि चेटकिणीच्या वेळी तिने कवळी काढून ठेवली असं सांगतात. जंगलाच्या प्रसंगात मात्र डिस्नेच्या माणसांनी एक युक्ती योजली, ती पुढे या धंद्याचं व्याकरणच होऊन बसली. अंधारात लुकलुकणारे शेकडो डोळे, फांद्यांचे पंजे, ओंडक्यांच्या सुसरी, आणि मुलगी धाय मोकलून जमिनीवर कोसळल्यावर उजाडतं तेव्हा ते डोळे निघतात ससे-हरणांचे. आधी भ्यायला लावायचं, मग लगेच हसवायचं. प्रेक्षकाचा श्वास किती वेळ रोखून धरायचा याचा हिशेब चित्रांच्या चौकटी मोजून केलेला होता.

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलबद्दल एक आख्यायिका तेव्हापासून चालत आली आहे. लहान पोरांनी भीतीने इतक्यांदा खुर्च्या ओल्या केल्या, की थिएटरला गाद्यांवरची कापडं बदलावी लागली म्हणे. खरंखोटं त्या खुर्च्या जाणोत. आख्यायिका टिकली याचं कारण मात्र उघड आहे : ती सांगताना डिस्नेला नावंही ठेवता येतात आणि त्याचं कौतुकही करता येतं.

खरी जबर भीती आली ती दुसऱ्या चित्रपटात. १९४०चा 'पिनोकिओ'. कार्लो कोल्लोदीची मूळ इटालियन कादंबरी १८८१पासून मुलांच्या एका नियतकालिकात क्रमशः येत होती, आणि पंधराव्या प्रकरणात कोल्लोदीने आपल्या लाकडी नायकाला ओकच्या झाडाला फासावर लटकवून गोष्ट संपवलीही होती. वाचकांनी ओरड केली म्हणून काही महिन्यांनी त्याला पुन्हा जिवंत करावं लागलं. याच पुस्तकात पिनोकिओ उपदेश करणाऱ्या किड्याला हातोडा फेकून ठार करतो. डिस्नेने त्या किड्याला टोपी-छत्री देऊन चित्रपटाचा सूत्रधार केला. हे वाचलं की वाटतं, अमेरिकेत गोष्टीचे दात काढून टाकले. पण सुखद बेटाचा प्रसंग पाहावा.

शाळा बुडवणाऱ्या पोरांना एक गाडीवान या बेटावर नेतो. तिथे सिगार ओढा, बियर प्या, काचा फोडा, कुणी काही म्हणणार नाही. आणि मग एकेकाला गाढवाचे कान फुटू लागतात. लॅम्पविक नावाचा उनाड पोरगा बिलियर्ड खेळता खेळता गाढव होतो, तो प्रसंग ज्याने लहानपणी पाहिला तो विसरत नाही. मुलाचे हात पिनोकिओच्या अंगावर गयावया करत चढतात आणि हातांचे खूर होतात. उरलेलं रूपांतर भिंतीवरच्या सावलीत घडतं. पोरगा आईला हाक मारतो आणि ती हाक अर्ध्यावर रेकण्यात बदलते. पलीकडे गाडीवानाची माणसं नवी गाढवं पेट्यांत कोंबत असतात. कुणी मिठाच्या खाणीत जायचं, कुणी सर्कशीत. ज्याला अजून बोलता येतं त्याला बाजूला टाकतात, कारण बोलणारं गाढव विकता येत नाही.

या प्रसंगाला पुढे काही उत्तरच नाही. पिनोकिओ पळतो, बाकीची पोरं तशीच राहतात. गाडीवानाला शिक्षा होत नाही, पिनोकिओला फसवणाऱ्या लबाड कोल्ह्यालाही नाही. कुठल्याही आजच्या स्टुडिओत पटकथेच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारेल, 'आणि त्या गाढवांचं काय?' १९४०मध्ये हा प्रश्न कुणाला पडला नाही, किंवा पडला आणि त्याचं उत्तर न देणंच बरं असं ठरलं. चित्रपट त्या वेळी तोट्यात गेला खरा, पण त्याचं मोठं कारण महायुद्ध होतं. युरोपची बाजारपेठ बंद झाली होती.

त्याच वर्षीच्या 'फँटेझिया'मध्ये डोंगरमाथ्यावर पंख उलगडणारा चेर्नाबोग हा राक्षस आहे. तो रेखाटणाऱ्या बिल टायट्लासमोर नमुना म्हणून उभं राहायला ड्रॅक्युलाफेम बेला लुगोसीला बोलावलं होतं, पण टायट्लाला त्याच्या हालचाली पटल्या नाहीत. शेवटी सहकारी दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सनलाच हातवारे करायला लावलं. हॉलिवूडचा सगळ्यात नावाजलेला पिशाच्च-नट तिथे कमी पडला.

मग १९४२चा 'बांबी'. यातल्या आईच्या मृत्यूवर इतकं लिहिलं गेलंय, की काहींना ते दृश्य प्रत्यक्ष पाहिल्यासारखं आठवतं : आई पडते, बर्फावर रक्त. पडद्यावर यातलं काहीही नाही. आई पाडसाला पळ म्हणते, पाडस पळतं, बंदुकीचा आवाज येतो, पाडस झाडीतल्या आसऱ्याशी पोचून मागे वळून बघतं तर ती नाही. मग पडणारा बर्फ, हाका, आणि पुढे येऊन उभा राहिलेला बाप. पुढच्याच दृश्यात वसंत ऋतू आणि किलबिलाट. शिकारी तर संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. मृत आई दाखवण्याचा विचार चर्चेत आला होता, तो सोडून दिला गेला. त्या सोडून देण्यातच सगळी करामत आहे, कारण न दाखवलेला मृतदेह प्रत्येक मुलाने आपापल्या आईच्या मापाने कल्पिला.

डिस्नेची स्वतःची आई फ्लोरा १९३८च्या नोव्हेंबरात गेली. मुलांनीच घेऊन दिलेल्या घरातल्या भट्टीतून विषारी वायू गळला. त्यावरून 'बांबी'तला मृत्यू आणि डिस्नेचं दुःख यांची सांगड घालणारे लेख नेमाने येतात. गोष्ट चटका लावणारी आहे, पण जुळत नाही. फेलिक्स साल्टनच्या १९२३च्या मूळ कादंबरीतच ती आई मरते, आणि चित्रपटाचे हक्क डिस्नेकडे फ्लोरा जाण्याच्या आदल्या वर्षीच आले होते. कादंबरी लहान मुलांसाठी नव्हतीच. व्हिएन्नातल्या या ज्यू लेखकाच्या पुस्तकावर नाझींनी १९३६मध्ये बंदी घातली होती. अमेरिकेत मात्र सगळ्यात मोठा आक्षेप घेतला तो शिकाऱ्यांनी. 'आउटडोअर लाइफ' मासिकाच्या संपादकाने हा चित्रपट म्हणजे अमेरिकी शिकाऱ्यांचा अपमान असल्याचं लिहिलं.

युद्धानंतरची दोन-अडीच दशकं भराभर ओलांडायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये १९५४ साली हालास आणि बॅचलर या जोडप्याचा 'ॲनिमल फार्म' आला, ज्याच्यामागे अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा होता हे नंतर उघड झालं. १९५९च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त मॅलेफिसंट ही चेटकीण ड्रॅगन झाली. बाकी कार्टून हळूहळू टीव्हीवर, शनिवारच्या सकाळी, मुलांच्या ताब्यात गेलं आणि पालकसंघटना त्यातल्या मारामाऱ्या मोजू लागल्या. १९६८-६९मध्ये सीबीएस वाहिनीपुढे हॅना-बार्बेरा कंपनीने एका नव्या मालिकेची चित्रं ठेवली : चार तरुण, एक कुत्रा आणि भुतं. साहेबांनी फारच भीतिदायक म्हणून ती परत पाठवली. कंपनीने भित्र्या कुत्र्याला मध्यभागी आणलं, विनोद वाढवले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी भुताचा मुखवटा ओढून आतला लबाड माणूस दाखवायचं ठरवलं. तोच 'स्कूबी-डू'. केबल टीव्हीवर महाराष्ट्रातल्याही एका पिढीने तो पाहिला. भूत नसतंच, असतो तो जमिनीच्या नाहीतर पैशाच्या मागे लागलेला कुणी बिलंदर, हे सांगून या मालिकेने पालकांना खूश केलं. भीती उरली नाही, तिचा सदरा तेवढा उरला.

आणि अचानक ससे आले.

रिचर्ड ॲडम्स हे ब्रिटिश सरकारी नोकर. लांबच्या मोटारप्रवासात आपल्या दोन मुलींना सांगितलेली सशांची गोष्ट त्यांनी मुलींच्याच हट्टापायी लिहून काढली. अनेक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी, 'वॉटरशिप डाउन', १९७२मध्ये आली आणि प्रचंड खपली. ॲडम्स दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीदलाच्या पुरवठा तुकडीत होते, आणि कादंबरीतल्या सशांचे स्वभाव त्यांनी आपल्या लष्करी साथीदारांवरून घेतले होते. म्हणजे लांब कानांची सोंगं घेतलेले ते सैनिकच. १९७८मध्ये मार्टिन रोझनने त्यावर चित्रपट काढला तेव्हा त्याने हे रक्त पुसलं नाही. आधी दिग्दर्शन जॉन हबली या बड्या ॲनिमेटरकडे होतं, ते रोझनने स्वतःच्या हाती घेतलं. चित्रपटाच्या सुरुवातीची सृष्टीच्या उत्पत्तीची सपाट, लोककलेच्या वळणाची चित्रमालिका हा हबलीच्या कामाचा उरलेला भाग.

त्यानंतरचं सगळं जलरंगातल्या इंग्लिश कुरणांत घडतं. हिरवळ, धुकं, टेकड्या. फायव्हर नावाच्या अशक्त सशाला शेत रक्ताने भरलेलं दिसतं. बांधकामवाले येऊन बिळं बुजवतात, आणि आत गुदमरणाऱ्या सशांची तोंडं एकमेकांवर रचली जातात, त्यांचे डोळे लाल होतात. बिगविग नावाचा ससा तारेच्या फासात अडकतो, तोंडातून रक्ताचा फेस येतो. शेवटी एक कुत्रा आणि वूंडवर्ट हा हुकूमशहा ससा यांची गाठ पडते. हे सगळं ब्रिटिश सेन्सॉरने पाहिलं आणि दिलं 'यू' प्रमाणपत्र. ज्या मंडळाने चाळीस वर्षांपूर्वी हिमगौरीला अडवलं होतं, त्यानेच. परीक्षकांचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्रं काढलेली असल्याने रक्तपाताचं खरेपण जातं, मुलं चित्रपट चालू असेतो हेलावतील, पण गोष्टीची मोहिनी उतरली की त्यांना कायमचा त्रास होणार नाही.

इतका मोठा चुकलेला अंदाज सेन्सॉरच्या कागदांवर क्वचित सापडतो. ब्रिटनमध्ये आज पन्नाशीत असलेल्या माणसांची एक अख्खी पिढी हा चित्रपट आठवून आजही दचकते. मंडळाकडे तक्रारी दशकानुदशकं येत राहिल्या. २०१६मध्ये चॅनल फाइव्हने तो चक्क ईस्टरच्या रविवारी दुपारी दाखवला, म्हणजे घरोघर चॉकलेटची अंडी आणि सशांची कौतुकं चालू असताना. पालक खवळले. आता हा चित्रपट नव्याने आला तर 'यू' मिळणार नाही, असं मंडळाच्या प्रमुखाने तेव्हा सांगितलं. पुढे चित्रपट पंचेचाळिशीला टेकला असताना त्याचं प्रमाणपत्र खरंच बदलून 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाचं, झालं. कारणांत हिंसा, धोका आणि रक्तरंजित दृश्यांबरोबर अपशब्दही आहेत. इतक्या वर्षांत चित्रपटातल्या एका समुद्रपक्ष्याच्या तोंडातली शिवी कुणी मनावर घेतली नव्हती. बिळातले मृतदेह आठवताना शिवी कोण लक्षात ठेवणार?

तरी परीक्षकांना अगदीच मोडीत काढता येत नाही. 'मुलं हेलावतील' हे त्यांनी ओळखलं होतं. फक्त चित्र म्हटलं की भीती सौम्य होते, हे त्यांचं गृहीतक उलटं पडलं. खरा ससा पडद्यावर मेला तर मूल त्याच्याकडे 'हा एक ससा' म्हणून पाहील. चितारलेल्या सशाला नाव असतं, माणसाचा आवाज असतो, आणि बघणाऱ्याचा चेहराही त्यावर सहज बसतो.

अमेरिकेत याच सुमारास डॉन ब्लूथ हा ॲनिमेटर डिस्नेतून बाहेर पडला. १३ सप्टेंबर १९७९, त्याचा वाढदिवस. त्याच्यासोबत आणखी काही कलाकारांनी राजीनामे दिले आणि डिस्नेचा चालू चित्रपट रखडला. जुन्या डिस्नेपटांतली खोली आणि अंधार हरवला, स्टुडिओ गुळमुळीत झाला, अशी या मंडळींची तक्रार होती. त्यांचा १९८२चा 'द सीक्रेट ऑफ निम' म्हणजे त्या तक्रारीचा पुरावाच : प्रयोगशाळेत सुया टोचलेले उंदीर, कोळिष्टकांत बसलेलं महाघुबड, आणि आजारी पिल्लासाठी दारोदार फिरणारी एक विधवा उंदरीण. ब्लूथचं मत होतं, शेवट गोड असला की मूल वाटेत काहीही सोसतं.

हे मत सगळ्यांना मान्य होतं असं नाही. १९८८च्या 'द लँड बिफोर टाइम'चे निर्माते स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास होते. डायनासोरच्या पिल्लांवर चाल करून येणाऱ्या शार्पटूथ या हिंस्र डायनासोरची दृश्यं पाहून त्यांनी दहाएक मिनिटांचं तयार काम काढून टाकायला लावलं. थिएटरबाहेर रडणारी मुलं आणि संतापलेल्या आया उभ्या राहतील, ही स्पीलबर्गची काळजी. ज्याच्या 'जॉज'ने साऱ्या जगाला समुद्राची धास्ती बसवली, त्याच्याच तोंडी हे वाक्य जरा मौजेचं वाटतं. उरलेला चित्रपट कसाबसा एकोणसत्तर मिनिटांचा. नायक पिल्लाच्या आईच्या मृत्यूनंतर मुलांना सावरायला वेळ मिळावा म्हणून एका म्हाताऱ्या डायनासोरचं पात्र घालण्यात आलं. ते पिल्लाला समजावतं, आणि खरं तर समजावतं थिएटरातल्या पोरांना.

ॲनिमेशनमध्ये कात्री लावणं हे नेहमीच्या चित्रपटासारखं नसतं. तिथे छायाचित्रणाचा साठा जास्तीचा असतो, त्यातून संकलक निवडतो. इथे प्रत्येक चौकट हाताने काढलेली, आधी मोजूनमापून ठरवलेली. एक मिनिट कापलं की कित्येक माणसांचे महिने केराच्या टोपलीत जातात आणि जोडायला मागे काही उरत नाही. डिस्नेने हे १९८५मध्ये स्वतःच्याच घरात अनुभवलं.

'द ब्लॅक कॉल्ड्रन' लॉइड अलेक्झांडरच्या प्रिडेन कादंबऱ्यांवर बेतलेला. दहा-बारा वर्षं तो चित्रपट शिजत होता. १९८४च्या शरदात जेफ्री कॅट्झनबर्ग स्टुडिओप्रमुख म्हणून आला आणि बरबँकमध्ये चाचणी खेळ झाला. काळ्या कढईतून मेलेल्या सैनिकांची फौज उठते तो प्रसंग सुरू होताच पालक मुलांना उचलून बाहेर पडू लागले, असं सांगतात. कॅट्झनबर्गने कापा म्हटलं. ॲनिमेशन असं कापता येत नाही, निर्माता जो हेल म्हणाला. कॅट्झनबर्ग रीळ घेऊन स्वतःच संकलनाच्या टेबलाशी बसला. वरिष्ठ मायकेल आइसनरला मध्ये पडून त्याला थांबवावं लागलं, तरी अखेरीस बारा मिनिटांच्या आसपास भाग गेलाच. चित्रपट नीट पाहणाऱ्याला त्या जागा आजही कळतात, कारण मृत फौजेच्या प्रसंगात संगीत मध्येच उडी मारतं.

इतकं करूनही तो डिस्नेचा 'पीजी' शिक्क्याचा पहिला ॲनिमेशनपट ठरला. खर्च ४ कोटी ४० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई २ कोटी १० लाखांच्या घरात. त्याच वर्षी 'केअर बेअर्स' या गुबगुबीत अस्वलांच्या चित्रपटाने त्याहून जास्त गल्ला जमवला. ॲनिमेटरांना स्टुडिओच्या मुख्य इमारतीतून उठवून ग्लेनडेलच्या जुन्या गोदामवजा जागेत पाठवण्यात आलं. चित्रपट पडला तो फार भीतिदायक होता म्हणून, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. तो पटत नाही. त्यात भीती पुष्कळ होती, पण ज्याच्यासाठी भ्यावं असं कुणी नव्हतं. नायक तारान एक सपाट पोरगा, राजकन्या त्याहून सपाट. कढईतले सांगाडे नेटके होते, पण 'पिनोकिओ'तलं गाढव जास्त छळतं, कारण दोन मिनिटांपूर्वी ते टवाळ, तोंडाळ पोर होतं.

त्या ग्लेनडेलच्या गोदामातून बाहेर पडलेल्या पुढच्या पिढीने हे ओळखलं असावं. १९९४च्या 'द लायन किंग'मध्ये 'बांबी'चा नियम मोडला : बापाचं शव दिसतं, आणि छावा त्याच्या पंजाखाली शिरून झोपतो. दोन वर्षांनी 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मध्ये न्यायाधीश फ्रोलो ज्वाळांसमोर उभा राहून एका तरुणीबद्दलची आपली वासना आणि तिला जाळायची धमकी एकाच गाण्यात गातो. अमेरिकेत त्याला सर्वांसाठीचं 'जी' प्रमाणपत्र मिळालं. 'ब्लॅक कॉल्ड्रन'मधल्या सांगाड्यांना जे जमलं नाही ते वासनेने बेभान झालेल्या एका न्यायाधीशाला जमलं, कारण प्रमाणपत्र देणारे रक्त मोजतात, आणि गाण्यात रक्त नव्हतं.

असे हिशेब मुंबईतही झाले. २०१६मध्ये 'द जंगल बुक' आला. एक मोगली सोडला तर जवळजवळ सगळं संगणकावर उभं केलेलं. आपल्या प्रमाणन मंडळाने त्याला 'यू/ए' दिलं. थ्रीडीत प्राणी अंगावर झेपावतात आणि मुलं दचकतील, हे त्यामागचं स्पष्टीकरण. त्यावर समाजमाध्यमांत बरीच चेष्टा झाली. लंडनच्या १९३८च्या मंडळाला मात्र हे स्पष्टीकरण पुरेपूर पटलं असतं.

ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिक 'बीएमजे'ने २०१४च्या नाताळ अंकात एक अभ्यास छापला. 'स्नो व्हाइट'पासून २०१३पर्यंतचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट आणि त्याच वर्षांतले मोठ्यांचे ९० चित्रपट संशोधकांनी शेजारी ठेवले. महत्त्वाची पात्रं मरण्याचा धोका कार्टूनपटांत अडीच पट निघाला. आईबाप तर तिथे फारच तकलादू. नाताळ अंकाचा सूर थोडा खट्याळ असतो, आकडे मात्र नीट मोजलेले होते.

जपानमध्ये कार्टूनपटांतल्या मृत्यूकडे निराळ्या नजरेने पाहिलं गेलं. १६ एप्रिल १९८८ला स्टुडिओ जिब्लीने दोन चित्रपट एकाच तिकिटावर लावले : मियाझाकीचा 'माय नेबर तोतोरो' आणि ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. एकात जंगलातला गुबगुबीत यक्ष, दुसऱ्यात युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत उपाशी मरणारी दोन भावंडं. आईच्या ओढीने दोन्ही चित्रपटांतली मुलं व्याकूळ होतात, हे लक्षात घेतलं तर जोडी इतकी विसंगत वाटत नाही. पण कुटुंब घेऊन दुपारी गेलेल्या आईबापांचं त्या दिवशी काय झालं असेल, याचा विचार करून आजही हसू आणि कणव एकदमच येते.

नील गेमन या लेखकाने 'कोरलाइन' लिहून संपवली तेव्हा हे मुलांचं पुस्तक नाही, फार भीतिदायक आहे, असं त्याच्या एजंटचं मत पडलं. डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली दुसरी आई, आणि मुलीचेही डोळे शिवायची तिची इच्छा. गेमन म्हणाला, तुझ्या मुलींना वाचून दाखव, घाबरल्या तर मोठ्यांच्या प्रकाशकाकडे देऊ. मुलींनी पुस्तक ऐकलं, कुणी घाबरलं नाही, आणि ते २००२मध्ये मुलांसाठी म्हणून छापलं गेलं. हेन्री सेलिकने २००९मध्ये त्याचा बाहुल्या एकेक चौकट हलवून चित्रित केलेला चित्रपट केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'कोरलाइन'च्या संगीत नाटकाला गेमनच्या शेजारी त्या एजंटची मुलगी बसली होती, आता वयात आलेली. तू त्या वेळी घाबरली नाहीस म्हणून हे पुस्तक मुलांपर्यंत पोचलं, असं त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, मी भयंकर घाबरले होते. पण तसं कळू दिलं असतं तर आईने वाचणं थांबवलं असतं आणि शेवट काय झाला ते मला समजलंच नसतं.